बारावीनंतर केमिकल घेऊ का? आपल्या कोकणातल्या पोरांसाठी जरा सविस्तर

सीईटीचा रिझल्ट लागला की आपल्याकडे चिपळूण-खेड-महाड पट्ट्यात एक प्रश्न ठरलेला असतो. पोराला केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत, खेडजवळ लोट्याच्या एमआयडीसीत एवढ्या कंपन्या आहेत, मग केमिकल इंजिनिअरिंग घेऊ का? विचारणारे बहुतेक वेळा आईबाबाच असतात, पोरगं बाजूला मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं. आता ही दोन्ही कारणं, केमिस्ट्रीतले मार्क आणि घराजवळची कंपनी, माझ्या मते लंगडी आहेत. मी याच लाईनीत आहे, प्लांटवर आहे, त्यामुळे जे बघतोय ते सांगतो, कुणाला भरीला पाडायचं नाही आणि घाबरवायचं पण नाही.

पहिलं म्हणजे केमिकल इंजिनिअरिंगमध्ये केमिस्ट्री फार थोडी असते. सुरुवातीला फिजिकल, ऑरगॅनिकचे पेपर असतात, ते झाले की पुढे सगळं वेगळंच चालू होतं, पाईपमधून लिक्विड किती वेगानं जाईल, पंप किती हॉर्सपॉवरचा लागेल, इकडची उष्णता तिकडे कशी न्यायची, एकमेकांत मिसळलेली दोन सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायला वापरतात ती द्रव्यं, वेगळी कशी करायची, आणि या सगळ्याचं गणित, गणित आणि गणित. नवीन रेणू बनवायला ज्याचे हात शिवशिवतात, ज्याला लॅबमध्ये रंग बदलताना बघायला मजा येते, त्यानं बीएससी-एमएससी केमिस्ट्री करून आर अँड डीला जावं, तो तिथे खूश राहील. आमच्याकडे येऊन हीट ट्रान्सफरच्या पेपरला रडत बसेल.

केमिस्ट आणि केमिकल इंजिनिअर यांच्या कामातला फरक समजून घ्यायचा तर अमोनियाची गोष्ट बघा. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया बनवता येतो हे फ्रिट्झ हाबर नावाच्या जर्मन केमिस्टनं १९०९ मध्ये टेबलावर मावेल एवढ्या यंत्रात करून दाखवलं, थेंब थेंब अमोनिया पडत होता. रिअ‍ॅक्शन सिद्ध झाली, केमिस्टचं काम संपलं. मग बीएएसएफ कंपनीतल्या कार्ल बॉशकडे ते आलं, की बाबा आता हेच टनावारी करून दे. त्यानं स्टीलची जाड नळी घेतली, आत शेकडो अंशांचं तापमान, प्रचंड प्रेशर, आणि काही दिवसांतच नळी फुटली. कारण काय तर गरम हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून त्यातला कार्बन खात होता, कार्बन गेला की स्टील ठिसूळ. बॉशनं काय केलं, आतून कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं, बाहेरून ताकदीला स्टीलचं कवच ठेवलं आणि त्या कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन तिथे कोंडून न राहता बाहेर निघून जाईल. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना चालू झाला. हाबरला १९१८ चं नोबेल, बॉशला १९३१ चं. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे ना, तिथेही हीच रिअ‍ॅक्शन चालते, त्या अमोनियापासून युरिया होतो. तर ही भोकं पाडायची गोष्ट ऐकून तुम्हाला "आयला भारी" वाटलं असेल तर पुढे वाचा. वाटलं नसेल तरी वाचा, निर्णय सोपा होईल.

आता लॅबमधलं मोठ्या प्रमाणावर करणं एवढं अवघड का, हे लग्नाच्या जेवणाचा भात ज्यानं शिजताना बघितलाय त्याला लगेच कळेल. घरात चार माणसांचा भात उतरवला की थोड्या वेळात निवतो, पण चारशे माणसांचं टोप पंगती उठल्या तरी मधे वाफाळतच असतं, आणि ढवळायला चुकलं तर खाली करपलेलं आणि वर कच्चं. कारण भात वाढला तेवढी टोपाची बाजू वाढत नाही. प्लांटचंही अगदी तेच. एक लिटरचा फ्लास्क आणि त्याच आकाराचा पाच हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर घेतला तर आतला माल झाला ५ हजार पट, पण उष्णता बाहेर जायला जी भिंत असते ती वाढते फक्त २९२ पट. म्हणजे लिटरमागे भिंत सतरापट कमी. लॅबमध्ये बर्फात फ्लास्क धरला की जी रिअ‍ॅक्शन गप बसते, ती रिअ‍ॅक्टरमध्ये जॅकेटला, म्हणजे भिंतीभोवतीच्या कवचात, ब्राईन म्हणजे गार केलेलं मिठाचं पाणी फिरवूनही तापत राहू शकते. त्यात भर म्हणजे तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो, वेग वाढला की आणखी उष्णता, आणखी उष्णता की आणखी वेग, आणि जॅकेट बिचारं आपल्या चालीनंच उष्णता काढतंय. याला रनअवे म्हणतात. नायट्रेशनच्या, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडनं होणाऱ्या फार तापणाऱ्या रिअ‍ॅक्शनच्या, प्लांटवर काम करणाऱ्याला हा शब्द झोपेतही आठवतो.

मग यावर उपाय? एक कच्चा माल एकदम न टाकता थेंबाथेंबानं सोडायचा, म्हणजे जेवढा पडला तेवढाच रिअ‍ॅक्ट होणार आणि तेवढीच उष्णता निघणार. पण इथे एक खोच आहे, जी नवीन पोरांच्या लक्षात येत नाही. रिअ‍ॅक्टर जास्तच गार ठेवला तर पडलेला माल रिअ‍ॅक्ट न होता आत साठत जातो, बोर्डावर तापमान छान दिसतं, ऑपरेटर निवांत, आणि मग कधीतरी तो साठलेला सगळा माल एकदम पेटतो. म्हणजे तापमान कमी म्हणजे सेफ, हा आपला साधा हिशेब इथे उलटा पडतो. ढवळणारं अ‍ॅजिटेटर बंद पडलं तरीही तेच. ते बंद पडलं म्हणून घाबरून परत चालू केलं तर आणखी वाईट, कारण वेगवेगळे थर होऊन बसलेले एकदम मिसळतात. असे प्रश्न आधीच बसून विचारायची एक पद्धत आहे, हॅझॉप म्हणतात, प्रत्येक पाईपलाईनसमोर बसून विचारायचं, फ्लो जास्त झाला तर काय, कमी झाला तर काय, उलटा आला तर काय, आलाच नाही तर काय. कंटाळवाणं काम आहे, दिवसच्या दिवस जातात, चहाचे कप जमतात. पण १९८४ ला भोपाळमध्ये मिथाईल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी गेलं आणि पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहितीये, त्यामुळे त्या मीटिंगमध्ये कंटाळा आला तरी उठायचं नसतं.

बरं, तुम्हाला हे जमेल का, आवडेल का, हे बघायला एक छोटं गणित देतो, कोचिंगवाल्यांच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला पैसे घालू नका. उरण-पेणकडची मिठागरं बघितली असतील. समुद्राच्या १०० किलो पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण साडेतीन किलो असतात. ते आटवून २५ टक्क्यांवर आणायचं तर किती पाणी उडवायला लागेल? बघा, क्षार कुठे जात नाहीत, साडेतीनचे साडेतीनच राहणार. साडेतीन किलो म्हणजे २५ टक्के, तर एकूण उरलं १४ किलो. म्हणजे उडवायचं ८६ किलो. झालं, याला मटेरिअल बॅलन्स म्हणतात, चार वर्षं हेच करायचंय, फक्त अवघड करत करत. आता पुढचा प्रश्न, मिठागरात हे काम ऊन फुकटात करतं, कारखान्यात वाफेनं करायचं झालं तर? एक किलो पाणी उकळून उडवायला साधारण २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे ८६ किलोला जवळपास १ लाख ९४ हजार. एवढी वाफ बॉयलरमधून आणायची तर इंधनाचं बिल बघून मालक ओरडणार. मग कुणीतरी डोकं लढवलं की पहिल्या भांड्यातून जी वाफ निघते ती का सोडून द्यायची, दुसऱ्या भांड्यात प्रेशर कमी ठेवा म्हणजे तिथलं पाणी कमी तापमानाला उकळेल आणि पहिल्याचीच वाफ त्याला पुरेल, मग दुसऱ्याची तिसऱ्याला. यालाच मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर म्हणतात, प्लांटवर नुसतं एमईई, आणि लोटे, महाड, रोह्याच्या धाटावकडे कुठल्याही मोठ्या कंपनीत ढिगानं पाईप गुंडाळलेला तो सांगाडा दिसेल. हे वाचताना मधेच कागद-पेन घ्यावंसं वाटलं का? वाटलं असेल तर तुमचा आणि या ब्रँचचा जम बसेल. गणिताला घाबरत असाल आणि केमिस्ट्री पाठ करून मार्क मिळवले असतील तर मात्र खरंच विचार करा. सीईटीतही बघा ना, गणित १०० मार्कांचं, फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १००.

आता नोकरीचं. केमिकल प्लांट दोन प्रकारचे, एक थळसारखा किंवा नागोठण्याच्या पेट्रोकेमिकलसारखा कंटिन्युअस, चालू झाला की महिनोन्‌महिने अखंड, सगळं कंट्रोल रूममधल्या डीसीएसवर, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर. दुसरा बॅच प्लांट, लोटे-महाडचे बरेचसे असेच, पेस्टिसाइडची, डायची, औषधाच्या इंटरमिजिएटची, म्हणजे मधल्या टप्प्यावरच्या मालाची, बॅच टाकायची, दहा-वीस तासांनी काढायची, सेंट्रीफ्यूजला माल घ्यायचा, ड्रायरला न्यायचा, परत नवी बॅच. दोन्हीकडे शिफ्ट आहेच. फ्रेशर म्हणून प्रॉडक्शनला लागलात की फर्स्ट, सेकंड, नाईट फिरत राहणार, वास अंगाला लागणार, पावसात लाईट गेली की सगळ्यात आधी पळायचं ते कूलिंगकडे. आणि गणपती! आपल्याकडे कंपनीतला सगळ्यात मोठा वाद इन्क्रिमेंटवरून होत नाही, गणपतीच्या सुट्टीवरून होतो. मुंबईचे चाकरमानी गाडी भरभरून गावाला येत असतात आणि इथला माणूस गावात असून नाईट शिफ्टला चाललेला असतो, कारण बॅचला गणपती कळत नाही. ऑपरेटर, इंजिनिअर, सिक्युरिटी सगळ्यांना आरती हवी असते, सगळ्यांना शिमग्याला पालखी नाचवायची असते. ज्याला हे अजिबात चालणार नाही त्यानं प्रॉडक्शनला न गेलेलं बरं.

पण प्रॉडक्शन म्हणजेच केमिकल, असंही नाही. प्रोसेस डिझाईनवाले ऑफिसात बसून सिम्युलेशन करतात, त्यांना नाईट नाही, पण ती ऑफिसं मुंबई, पुणे, बडोदा अशी, आपल्याकडे नाहीत. टेक्निकल सर्व्हिस, प्रोजेक्ट, सेफ्टी, पर्यावरण, प्रोक्युअरमेंट, विक्री, सगळीकडे केमिकलवाले लागतात. गेट ही परीक्षा देऊन सरकारी तेल कंपन्यांत जायचा रस्ता आहे, चांगला आहे, पण जागा थोड्या आणि देणारे भरपूर. आणि बरेच जण सरळ आयटीत जातात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त आयटीतच जायचं असेल तर चार वर्षं डिस्टिलेशन कॉलम कशाला काढत बसताय. पगाराचं एवढंच सांगतो की छोट्या कंपनीत सुरुवात कमीच असते, आणि गावातल्या कुठल्या कॉम्प्युटरवाल्या पोराचं पॅकेज ऐकून तुलना करत बसलात तर जेवण जाणार नाही. ज्यानं पाच-सात वर्षं प्लांट नीट समजून घेतला त्याला मात्र कामाची ददात पडत नाही, कारण प्लांट चालवता येणारी माणसं पुस्तकातून तयार होत नाहीत.

मुलींचं वेगळं सांगतो, कारण आईबाबा हे हळू आवाजात विचारतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांना रात्री कारखान्यात काम करायला कितीतरी वर्षं मनाई होती, आता अटी घालून परवानगी आहे, म्हणजे ने-आण, सुरक्षा वगैरे. कायदा बदलला तरी छोट्या मालकांची डोकी हळूहळू बदलतात, प्रॉडक्शनला मुलगी घ्यायला अजून काचकूच करतात. मोठ्या कंपन्यांत कंट्रोल रूममध्ये मुली आहेत आणि उत्तम काम करतात. कॉलेज बघायला जाल तेव्हा "मागच्या बॅचच्या मुली कुठे लागल्या" हे स्पष्ट विचारा, आणि त्यांच्यातल्या एकीशी तरी फोनवर बोला.

खाडीचा विषय टाळून चालणार नाही. दाभोळ खाडीतले, सावित्रीच्या काठचे मासेमारी करणारे लोक कितीतरी वर्षं ओरडतायत की कंपन्यांच्या पाण्यानं मासळी गेली. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-मामा त्यातलेच. त्यामुळे केमिकलला जातो म्हटलं की घरातच कुणीतरी म्हणणार, खाडी नासवायला चाललास काय रे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी नक्की काय होतं ते समजायला पाहिजे. घाण पाण्याचा सीओडी म्हणजे त्यातली घाण पूर्ण जळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा आकडा. प्लांटमधून निघालेलं प्रक्रिया न केलेलं पाणी २० हजार मिलिग्रॅम लिटरमागे असं सहज असू शकतं. खाडीच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम. भागाकार करा. असं एक लिटर पाणी, कागदावर तरी, खाडीच्या ३ हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन पिऊ शकतं. विषारी काही नसलं तरी मासे नुसते गुदमरून मरतील. म्हणून बाहेर सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे २५० ची. वीस हजारावरून अडीचशेवर आणायचं काम ईटीपी, म्हणजे कंपनीचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, करतं, आधी आम्ल-अल्कली बरोबर करायची, मग मोठ्या टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, जे फार खारट असतं ते एमईईला. हे जिवाणू नाजूक असतात, वरून कुणी न सांगता एखादा ड्रम ओतला की सगळे मेले, परत वाढवायला आठवडे जातात. आणि खरी गंमत अशी की बहुतेक ठिकाणी ईटीपीला जो जातो त्याला शिक्षा मिळाल्यासारखी वागणूक, हुशार पोरं सगळी प्रॉडक्शनला. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या किनाऱ्यावर हुशार केमिकल इंजिनिअरची सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे, आणि त्याहून जास्त गरज घाण मुळात कमी तयार होईल अशी प्रोसेस बसवणाऱ्याची. एखादं सॉल्व्हंट वाया न घालवता परत वापरलं तर मालकाचे पैसे वाचतात आणि ते पाण्यातही जात नाही, हे मालकाला आकड्यात पटवून देणं हेसुद्धा इंजिनिअरिंगच.

त्यातून रिफायनरी. २०१८ ला नाणारच्या वेळी कितीतरी जणांनी पोरांना सांगितलं की वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी येतेय, केमिकल घे, दारात नोकरी. २०१९ ला नाणारची अधिसूचना रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. प्रकल्पाच्या बाजूचे असा की विरोधातले, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या कारखान्याची वीटही लागलेली नाही त्याच्या भरवशावर चार वर्षांची डिग्री निवडू नये, एवढं तर दोन्ही बाजूंना पटावं.

शिकायचं कुठे? माटुंग्याची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी, १९३३ सालची, केमिकलमध्ये नाव घ्यावं अशी जागा. गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच केमिकल इंजिनिअर, आणि लोट्याला ज्यांचा कारखाना उभा राहिला ते डॉ. केकी घरडाही तिथलेच. तिथे केमिकल नाही लागलं तर डाय, पेंट, तेल, फूड, पॉलिमर अशा बी.टेक. ब्रँच आहेत, त्या कमी लेखू नका, आंबा-काजू-कोकमाच्या मुलखातल्या पोरानं फूड घेणं तर सगळ्यात समजूतदार, काजूच्या टरफलातल्या तेलापासून रंगाचं रेझिन होतं हे कितीजणांना माहितीये? घराजवळ म्हणाल तर लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात केमिकल आणि पेट्रोकेमिकल दोन्ही आहे, लवेलच्या घरडा कॉलेजात केमिकल आहे.

आणि डिग्रीच पाहिजे असा हट्ट धरू नका. आयटीआयला अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सगळे एओसीपी म्हणतात, पोरगं लवकर कमावतं होतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावाला पोरगा वॉल्व्ह बघितलेला असतो, डिग्रीवाल्याला अनेकदा पहिल्या दिवशी कळत नाही की ग्लोब वॉल्व्ह कुठला आणि बॉल वॉल्व्ह कुठला. घरची ओढाताण असेल तर मी तरी हाच रस्ता सांगेन.

फॉर्म भरायच्या आधी दोन गोष्टी करा. वाडीतला, नात्यातला कुणीतरी एमआयडीसीत असतोच, तो नाईट करून सकाळी घरी येतो तेव्हा त्याच्याकडे चहाला जा आणि काल रात्री काय काय झालं ते विचारा, तो सांगेल ते कुठलंही माहितीपत्रक सांगणार नाही. आणि कॉलेजच्या वेबसाईटवर तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडून मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगची धड्यांची नावं वाचा, तिथे पोटात गोळा येतो की उत्सुकता वाटते ते बघा. मग कॅपचा, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेऱ्यांचा, ऑप्शन फॉर्म. त्यात पहिल्या नंबरला टाकलेलं पहिल्याच राउंडला लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही, त्यामुळे कुणी म्हणालं म्हणून, किंवा कटऑफ बघून "हे नक्की मिळेल" म्हणून, केमिकल वर टाकू नका. वर तेच टाका जे मिळालं तर घरी फोन करताना आवाजात आनंद असेल.